मुलांच्या लठ्ठपणावर गावात कार्यक्रम घेताना

आपण डिचोली तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघाचे काम पाहता आणि श्रावणात, चवथीची (गणेशचतुर्थीची) धामधूम सुरू होण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी, देवळाच्या सभागृहात ‘बाल-लठ्ठपणा प्रतिबंध शिबिर’ घेण्याचा आपला विचार आहे. आपण कळविलेल्या आराखड्यात उद्घाटन, प्रमुख पाहुणे, दोन व्याख्याने, सर्व मुलांची वजने घेऊन ती जाहीर करणे, ‘सुदृढ बालक’ निवडून बक्षीस देणे, चित्रकला स्पर्धा आणि शेवटी अल्पोपाहार असा क्रम आहे. यात काय ठेवावे, काय गाळावे आणि कार्यक्रमाचा उपयोग झाला की नाही हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. गेली सव्वीस वर्षे मी उत्तर गोव्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. शाळा, अंगणवाड्या, महिला मंडळे आणि देवस्थानांची सभागृहे अशा ठिकाणी या विषयावर बोलण्याचे शंभरेक प्रसंग तरी माझ्यावर आले असतील आणि त्यांतले निम्मे फुकट गेले, हे मी मोकळेपणाने सांगते. जे फुकट गेले ते बहुतेक आपल्या आराखड्यासारखेच होते.

कार्यक्रम अवश्य घ्या. वेळही चांगली निवडली आहे. मात्र वजने जाहीर करणे आणि सुदृढ बालकाचे बक्षीस या दोन गोष्टी पूर्ण काढून टाका, व्याख्यान एकच ठेवा आणि निमंत्रणपत्रिकेवर ‘लठ्ठपणा’ हा शब्दच छापू नका. ज्या आईचे मूल जाड आहे ती असा फलक पाहून घरीच थांबते आणि सभागृहात मग ज्यांना गरज कमी आहे असेच पालक भरतात. ‘मुलांचे खाणे, खेळणे आणि झोप’ असे साधे नाव दिले तर सगळे येतात, अगदी आजीसुद्धा, आणि आजी येणे किती महत्त्वाचे आहे ते पुढे सांगते.

वजनाच्या मुद्द्याबद्दल मी इतकी आग्रही का आहे, त्यामागे एक प्रसंग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावातील अशाच शिबिरात व्यासपीठाच्या कडेला वजनकाटा ठेवला होता. एक स्वयंसेवक आकडा वाचून सांगत होता आणि दुसरा तो वहीत लिहिता लिहिता माइकवरही बोलत होता, का, तर पालकांना नोंद करून घेता यावी म्हणून. सहावीतली एक मुलगी काट्यावर चढली, आकडा माइकवरून गेला, मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला आणि त्या मुलीने उतरताना चपला उचलून हातात घेतल्या त्या तशाच हातात धरून ती सभागृहाबाहेर गेली. महिन्याभराने तिची आई तिला माझ्याकडे घेऊन आली ती वजनासाठी नव्हे. मुलगी शाळेत डबा उघडत नव्हती आणि घरी आल्यावर फडताळातले मिळेल ते एकटीच बसून खात होती. लाज वाटली की मूल कमी खाते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात लाजलेले मूल चोरून खाते, मैदानावर जायचे टाळते आणि वजन आणखी वाढते. त्या शिबिरात मी वक्ता म्हणून हजर होते आणि काटा तिथून हलवा असे मला सुचले नाही, याची टोचणी अजून आहे.

मोजमाप करू नये असे माझे म्हणणे नाही. ते बंद खोलीत, एका वेळी एकच मूल आत घेऊन, शाळेच्या आरोग्य तपासणीसाठी येणाऱ्या पथकाकडून किंवा आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडून व्हावे आणि निष्कर्ष फक्त पालकांच्या हाती बंद पाकिटात जावा. मुलांसाठी मोठ्या माणसांचा २५ किंवा ३०चा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखविणारा आकडा) लावायचा नसतो, हेही पालकांना कुणीतरी सांगायला हवे. किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, ही रीत तीच असते, पण येणारा आकडा वयाप्रमाणे आणि मुलगा की मुलगी त्याप्रमाणे तक्त्यावर पाहावा लागतो. दहा वर्षांचा एक मुलगा १४० सेंटीमीटर उंच आणि ४० किलो वजनाचा असेल तर त्याचा बीएमआय २०.४ येतो, मोठ्या माणसाला हा आकडा अगदी उत्तम, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार त्या वयाच्या मुलासाठी १८.५च्या वर गेला की जादा वजन आणि २१.४च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी स्वतंत्र तक्ते दिले आहेत आणि त्यांत जादा वजनाची रेषा आपल्याकडील मोठ्या माणसांच्या २३ला, तर लठ्ठपणाची २७ला जुळवलेली आहे, कारण आपल्या लोकांना मधुमेहाचा धोका कमी वजनातच सुरू होतो. घरी करण्याजोगी एक सोपी खूण म्हणजे सहा वर्षांवरील मुलाच्या कमरेचा घेर त्याच्या उंचीच्या निम्म्याहून कमी असावा; एक सुतळी उंचीएवढी कापून, तिची दुहेरी घडी करून कमरेभोवती धरली की काम होते. हे प्रात्यक्षिक व्यासपीठावर दाखवायचे असेल तर एखाद्या हसऱ्या काकांवर दाखवा, मुलावर नको.

आता सुदृढ बालकाच्या बक्षिसाविषयी. आपल्याकडे ‘गुटगुटीत’ हा कौतुकाचा शब्द आहे आणि त्या शब्दाने मुलांचे जेवढे नुकसान केले तेवढे बेकरीने केले नसेल, असे मला कधी कधी वाटते. बाळ वर्षाचे होईपर्यंत भरलेले असते, मग चालू-धावू लागते, उंची वाढते आणि साधारण दोन ते सहा या वयात ते सडसडीत दिसू लागते, फासळ्याही दिसतात. हा निसर्गाचा क्रम आहे. पाच वर्षांच्या निरोगी मुलाचा बीएमआय जेमतेम १५च्या आसपास असतो. पण नेमक्या याच वयात घरची माणसे ‘पोर वाळले’ म्हणून घाबरतात आणि दुधात पूड, पुडीत साखर, वर भूक वाढविणारे औषध असा मारा सुरू होतो. बीएमआयचा आलेख या उतारानंतर पुन्हा चढायला लागतो तो क्षण जितका लवकर येतो तितका पुढे लठ्ठपणाचा संभव जास्त, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजे चौथ्या वर्षी जबरदस्तीने भरविलेल्या घासांचा हिशेब चौदाव्या वर्षी द्यावा लागतो. माझ्याकडे ‘खात नाही’ म्हणून आणलेल्या दहा मुलांपैकी बहुतेकांचे वजन तक्त्यावर नीट असते. तक्ता पालकांसमोर ठेवला, मुलाचा ठिपका त्यावर मांडून दाखविला, तरी आजीचा चेहरा काही पालटत नाही.

याची दुसरी बाजू पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून पुढे आली. त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, तिकडची सुमारे ३.५ किलोची, पण स्नायू आणि अवयव यांत आपली बाळे जितकी मागे होती तितकी त्वचेखालच्या चरबीत नव्हती. बारीक दिसणाऱ्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक, ही आपल्या लोकांची ठेवण आहे. जन्मतः कमी वजनाच्या बाळाला झपाट्याने ‘भरून काढण्याचा’ प्रयत्न म्हणूनच उलटतो. आणि हे गोव्यापासून दूर नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातील पाच वर्षांखालील सुमारे एक चतुर्थांश मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि त्याच सर्वेक्षणात एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. एकाच वाड्यावर, कधी एकाच घरात, दोन्ही प्रश्न शेजारी बसलेले असतात. म्हणून व्यासपीठावरून ‘कमी खा’ हे वाक्य कुणीही उच्चारता कामा नये. ऐकणाऱ्यांत जिला पोटभर हवे आहे अशी मुलगीही बसलेली असते. काय खावे, कधी खावे आणि कशाबरोबर खावे, एवढेच बोलावे.

बोलायचे विषयही तीनच ठेवा: पेये, शाळा सुटल्यानंतरचे खाणे, आणि खेळ-झोप-मोबाइल. यापलीकडे जीवनसत्त्वे, कॅलरी आणि अन्नपिरॅमिडांत शिरलात तर अर्ध्या तासात लोक पंख्याकडे पाहू लागतात.

पेयांसाठी भाषण नकोच, एक टेबल पुरे. टेबलावर मुले रोज पितात ती पेये ठेवा: शीतपेयाची बाटली, आंब्याच्या पेयाचे खोके, चॉकलेट दूध, आणि त्यांच्याच शेजारी घरचे कोकम सरबतही. चौथीतल्या दोन मुलांना बोलवा, एकाला बाटलीवरचे बारीक अक्षर वाचायला सांगा, दुसऱ्याच्या हातात साखरेचा डबा आणि चहाचा चमचा द्या. अनेक शीतपेयांवर १०० मिलिलिटरमागे १० ते ११ ग्रॅम साखर लिहिलेली असते. ६०० मिलिलिटरच्या बाटलीत म्हणजे साठ-पासष्ट ग्रॅम, आणि सपाट चमच्यात पाच ग्रॅम धरले तर बारा-तेरा चमचे. मुलाने ते एकेक करून मोकळ्या ग्लासात टाकायचे आणि सभागृहाने मोजायचे. सातव्या-आठव्या चमच्याला आवाज बदलतो, हे मी प्रत्येक वेळी पाहिले आहे. दहाव्याला कुणीतरी आई ‘पुरे रे’ म्हणते. त्यानंतर एकच आकडा सांगावा: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही पाच टक्के म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम, पाच चमचे. एका बाटलीत दोन दिवसांचे संपले.

घरचे कोकम सरबत मी मुद्दाम म्हटले. कंपनीची बाटली वाईट आणि घरचे ते चांगले असा समज करून दिला तर दुसऱ्या दिवशीपासून मुलांना घरच्या पाकातले सरबत पोटभर मिळू लागते. आपल्याकडे आगळ आहे, सोलकढी आहे, शहाळे आहे, ताक आहे. त्यांत वेगळी साखर लागत नाही. फळांचा रस काढून देण्यापेक्षा फळ हातात द्यावे, कारण रस काढताना चोथा निघून जातो आणि तीन संत्री एका पेल्यात मावतात, जी मुलाने एरवी एका बैठकीत खाल्ली नसती. रोजचे पेय मात्र पाणी, आणि ते वर्गात प्रत्येकाच्या बाटलीत असावे.

शाळेनंतरच्या खाण्याबद्दल बोलताना पावाला शत्रू ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती. सकाळ-संध्याकाळ सायकलचा भोंगा वाजवीत पोदेर (पाववाला) दारात येतो आणि त्या आवाजावर आपली मुले वाढली आहेत. ‘पाव बंद’ म्हणणाऱ्या डॉक्टरचे पुढचे एकही वाक्य गोव्यात कुणी ऐकत नाही. प्रश्न पावाचा कमी आणि पावाबरोबरच्या गोष्टींचा अधिक आहे. चहात बुडवून तीन पाव, किंवा जॅम आणि लोण्याचे दोन, किंवा वाटेवरच्या गाड्यावरचा वडा-पाव किंवा मिरची-पाव, यांनी पोट भरते पण दोन तासांत पुन्हा भूक लागते. तोच एक पाव अळसांद्यांच्या (चवळीच्या) किंवा मुगाच्या तोणाकाबरोबर (रस्सा-उसळीबरोबर), अंड्याबरोबर, घरच्या पातळ भाजीबरोबर खाल्ला तर रात्रीच्या जेवणापर्यंत मूल गप्प बसते. कोंड्याची पोई (पावाचाच एक प्रकार) मिळत असेल तर ती घ्यावी, पण हल्ली पोईच्या नावावर पुष्कळदा मैदाच निघतो, तेव्हा हातात घेऊन पाहावी. याखेरीज कमी गुळाचे नाचणीचे तिझान (खीर), उकडलेली कणगां (कंद), चणे, भाजलेली बिकणां (फणसाच्या आठळ्या), केळे. यांतले काहीही बाजारातून विशेष आणावे लागत नाही. मासळीला तर नावे ठेवायला जागाच नाही, फक्त रोज रव्यात तळण्याऐवजी चार दिवस हुमणात (आमटीत) घालावी. पाकिटबंद कुरकुरीत खाऊबद्दल मी एक छोटासा प्रयोग करते: पाकिटातले मूठभर वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवते आणि व्याख्यान संपेपर्यंत तसेच राहू देते, शेवटी कागद उजेडासमोर धरला की बोलावे लागत नाही.

या सगळ्याचे यश मात्र ऐकणारी व्यक्ती कोण आहे यावर ठरते. बहुतेक शिबिरांत तरुण आया पुढे बसतात, त्यांना हे सगळे आधीच ठाऊक असते, आणि घरी मात्र दुपारी तीन ते सहा या वेळेत मूल आजी-आजोबांपाशी असते. नातवाला नाही म्हणणे आजीला जड जाते, आणि ते समजण्यासारखे आहे. तिने स्वतः अपुऱ्या अन्नाचे दिवस पाहिलेले असतात, आणि भरलेले ताट ही तिच्या मायेची भाषा असते. एकदा सत्तरी तालुक्यातल्या एका कार्यक्रमात मी आजींचीच बैठक वेगळी घेतली आणि त्यांना विचारले, की तुमच्या लहानपणी शाळेतून आल्यावर काय मिळायचे? पेज, सुकटाची कोशिंबीर, आंबील, काजूच्या दिवसांत बोंडू असे एकेक नाव निघू लागले आणि अर्ध्या तासाने त्यांच्यापैकीच एक म्हणाली, ‘मग आता ते का देत नाही आम्ही?’ मी जे सांगायला गेले होते ते तिने माझ्याआधी सांगितले. तेव्हापासून मी आजींना उपदेश करीत नाही, त्यांना पाककृती विचारते. आपल्या कार्यक्रमातही आजींचे असे अर्ध्या तासाचे सत्र ठेवा. दुसऱ्या व्याख्यानाची जागा त्याने भरून निघेल.

आजींखेरीज शाळेजवळचा दुकानदार, माध्यान्ह आहार शिजविणाऱ्या स्वयंसाहाय्य गटातील स्त्रिया, अंगणवाडी सेविका, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि वाड्याचे पंच यांना नावानिशी बोलावणे जावे. प्रमुख पाहुण्यांपेक्षा ही माणसे अधिक उपयोगाची, कारण मुलाच्या दिवसातला एकेक तास यांच्या हातात आहे. दुकानदाराला मात्र सभेत उभे करून जाब विचारू नका. २०२०च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ व साखर जास्त असलेले पदार्थ मुलांना विकायला मनाई आहे, पण नियम दाखवून वैर पत्करण्यापेक्षा त्याला आधी एकट्याला भेटून, काउंटरवर पुढे केळी, चिक्की आणि चण्याच्या पुड्या ठेवशील का, असे विचारलेले बरे. धंदा त्याचाही चालला पाहिजे. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. आपली शाळा त्या मंडळाची नसली तरी कल्पना उचलायला हरकत नाही, आणि तो फलक मुलांनीच रंगविला तर चित्रकला स्पर्धाही मार्गी लागते.

गोव्यातल्या गावात कार्यक्रम आणि नाटक नाही, असे होत नाही. मुलांची दहा-पंधरा मिनिटांची नाटुकली जरूर ठेवा, पण संहिता आधी स्वतः वाचा. मी पाहिलेल्या अशा बहुतेक नाटुकल्यांत एक जाडा मुलगा असतो, तो पडतो, अडकतो, खातच राहतो आणि प्रेक्षक हसतात. हे पात्र काढून टाका. हसायचे असेल तर मुलाच्या हाती मोबाइल देऊन घास भरवणाऱ्या मोठ्या माणसांवर हसा.

खेळाच्या बाबतीत आकडे थोडक्यात असे: पाच वर्षांवरील मुलाला रोज किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, दोन ते चार वर्षांच्या मुलाला मोबाइल-टीव्हीचा पडदा दिवसाकाठी एक तासाच्या वर नको आणि त्याआधी मुळीच नको, प्राथमिक शाळेतील मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, हे पालकांना सहसा माहीत नसते, आणि रात्री उशिरापर्यंत मालिका चालू असलेल्या घरात मूल नऊला झोपेल ही अपेक्षाही फोल असते. आपल्याकडची खरी अडचण पावसाची आहे. जूनपासून चार महिने मैदान चिखलात असते, बालरथ (मुलांना शाळेत नेणारी बस) दारात येतो आणि मूल घरातून गाडीत, गाडीतून वर्गात जाते. बालरथामुळे दूरच्या वाड्यांवरच्या मुलांची शाळा सुटली नाही, त्यामुळे मी त्याच्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. पण पाऊस नसताना, सुरक्षित रस्ता असेल तिथे, चार घरांची मुले एका ठिकाणी चालत येऊन चढली तर काय हरकत आहे, एवढे चालकाशी बोलता येईल. आणि चवथीपूर्वी बायकांच्या फुगड्यांचा सराव सुरू होतो तो कशाला विसरायचा? पाऊण तास फुगडी घालून पाहा, व्यायामशाळेचे पैसे वाचतील. आया सरावाला जाताना मुलींना आणि लहान मुलग्यांनाही बरोबर नेऊ लागल्या तर पावसाळ्याचे कोडे अर्धे सुटते.

अल्पोपाहाराबद्दल माझीच एक फजिती सांगते. एका ठिकाणी तासभर साखर आणि तेल यांवर बोलून मी खाली बसले आणि लगेच प्रत्येकाच्या हातात खोके आले: समोसा, केकचा तुकडा, बर्फी आणि आंब्याचे पेय. मुलांनी माझ्याकडे पाहिले, मी खोक्याकडे. त्या दिवशी मुलांनी काय लक्षात ठेवले असेल ते सांगायला नको. आहार शिजविणाऱ्या गटालाच आधी सांगून मुगाची उसळ, अर्धी पोई, केळे आणि ताक असा बेत करा; खोक्यापेक्षा स्वस्त पडेल. आणि मूल सभागृहात प्रत्यक्ष जे खाते, तेच घरी जाऊन मागते.

उपयोग झाला की नाही हे वजनावरून पाहू नका. एका संध्याकाळीने कुणाचे वजन बदलत नाही आणि सहा महिन्यांत मुलांची उंचीही बदललेली असते. फ्रान्समध्ये फ्लेर्बे आणि लाव्हान्ती या दोन छोट्या गावांत १९९२ पासून शाळेतल्या पोषण शिक्षणाने सुरुवात झाली आणि हळूहळू दुकाने, क्रीडा मंडळे, नगरपालिका सगळे त्यात आले. २००४ मध्ये तिथे जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे निम्मे आढळले. तुलनेच्या गावांची मोजणी सुरुवातीपासून झालेली नव्हती, म्हणून या निकालावर मी फार भार टाकणार नाही, पण त्याला बारा वर्षे लागली एवढे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपण मोजायचे ते सोपे असावे: आठवड्यात किती मुले पाण्याची बाटली आणतात, महिन्यात किती वाढदिवस चॉकलेटांऐवजी फळांनी किंवा वर्गाला एखादे पुस्तक देऊन साजरे झाले, दुकानाच्या पुढच्या फळीवर काय आहे, संध्याकाळी मैदानावर किती मुले दिसली. दोन पालकांनी दर महिन्याला ही चार ओळींची नोंद ठेवावी आणि दिवाळीनंतर पुन्हा एकदा सर्वांनी तासभर बसावे.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगावीच लागेल, आणि ती व्यासपीठावरून सांगितली तरी चालेल, कारण ती कुणा एका मुलाकडे बोट दाखवीत नाही. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळा थर दिसला तर तो मळ नव्हे. तो इन्शुलिन नीट काम करीत नसल्याची खूण असू शकते. माझ्याकडे अशी मुले येतात ज्यांची मान आईने दगडाने, नारळाच्या काथ्याने घासून लाल केलेली असते. झोपेत मोठ्याने घोरणे, गुडघा किंवा जांघ दुखून लंगडणे, सततची डोकेदुखी, मुलीची पाळी अनियमित होणे, किंवा वजन वाढत असताना उंची मात्र थांबलेली असणे, यांपैकी काही असेल तर बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. नुसत्या खाण्यामुळे जाड झालेले मूल बहुधा वयाच्या मानाने उंच असते. बुटके आणि जाड मूल असेल तर थायरॉइडसारखी कारणे तपासावी लागतात. आपल्या आरोग्य केंद्रातून अशा मुलांना बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठविता येते. वजन उतरविण्याच्या पुड्या, उपवास आणि मोठ्यांचे डाएट मुलांना देऊ नये. वाढत्या वयात पुष्कळदा वजन आहे तिथे थांबविणे पुरेसे असते, उंची आपले काम करते.

कार्यक्रम दोन-अडीच तासांत संपवा, चारला सुरू केलात तर दिवेलागणीपूर्वी लोक घरी पोहोचतील. शेवटची पंधरा मिनिटे आभारांसाठी न ठेवता ठरावांसाठी ठेवा: वाढदिवसाला काय वाटायचे, वर्गात पाण्याशिवाय दुसरे पेय चालेल का, असे दोनच, हात वर करून, मुलांच्या मतासह. तिसरा ठराव माझ्याकडून सुचवते. बहुतेक शाळांचे मैदान सुटीनंतर कुलूपबंद असते आणि मुले बाहेर रस्त्याच्या कडेला उभी असतात. मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठेवा आणि संध्याकाळी पाच ते सात फाटकाची किल्ली कोणाकडे राहील, कोणत्या दिवशी कोणता पालक तिथे थांबेल, ही नावे त्याच बैठकीत लिहून घ्या.